सूत्र, दृष्टांत आणि जिज्ञासू वाचक

ज्ञानविज्ञानातील मोठ्या कल्पनांचा सामान्य जिज्ञासू वाचकास परिचय करून देणाऱ्या ग्रंथांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात 'सोपी भाषा' हा शब्दप्रयोग हटकून येतो. ग्रंथ समजला नाही तर भाषा अवघड होती, समजला तर ती सोपी होती, असा निर्वाळा देऊन परीक्षणकर्ते मोकळे होतात. भाषेच्या अभ्यासकाचे एवढ्याने समाधान होऊ नये. 'गुरुत्वाकर्षण' हा सहा अक्षरी तत्सम शब्द शाळकरी मुलास अडत नाही. उलट 'कार्य' हा घराघरांत लग्नकार्याच्या निमित्ताने रुळलेला शब्द पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात त्यास अडखळवितो. कारण डोक्यावर पोते घेऊन तासभर एका जागी उभ्या राहिलेल्या हमालाने त्या शास्त्राच्या मते काहीच कार्य केलेले नसते. तेव्हा अडचण शब्दाच्या लांबीत नाही, त्याच्या संस्कृतपणात नाही, आणि शब्द नुसता ओळखीचा असल्याने ती दूर होते असेही नाही.

मग ग्रंथ सुबोध कशाने होतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. अमरावती-अकोल्याच्या या मुलखात सातशे वर्षांपासून हा उद्योग निरनिराळ्या रीतींनी चालत आलेला आहे, आणि त्यातील पहिली रीतच, माझ्या मते, सर्वांत विचारपूर्वक बसविलेली आहे.

ती रीत महानुभाव पंथाची. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे स्थान. श्रीचक्रधरस्वामींचे चरित्र सांगणारे 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी सिद्ध केले तेही याच गावी. आज मराठीच्या आद्य गद्याचे पीठ म्हणून त्याची ओळख सर्वत्र आहे व २०२४ मध्ये तेथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने 'लीळाचरित्रा'पेक्षाही महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे केशिराजांचा 'दृष्टांतपाठ'. तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या या ग्रंथात चक्रधरांनी निरूपणाच्या ओघात सांगितलेले ११४ दृष्टांत एकत्र केलेले आहेत. प्रत्येक प्रकरणाची घडण तीन अंगांची आहे. आरंभी चक्रधरांचे सूत्र. मग त्यांनीच सांगितलेला दृष्टांत. आणि अखेरीस दार्ष्टांतिक, म्हणजे त्या दृष्टांताची मूळ सिद्धांताशी घातलेली सांगड. हे तिसरे अंग केशिराजांनी जोडलेले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गुरूच्या वाणीत जे प्रसंगाने, श्रोता समोर असल्याने, आपोआप कळत होते, ते ग्रंथ होताना हरवेल हे त्यांनी ओळखले आणि ती उणीव लेखनाने भरून काढली.

केशिराज स्वतः संस्कृतचे मोठे पंडित होते. त्यांचे 'रत्नमालास्तोत्र' संस्कृतातच आहे. पंथाचे सिद्धांतही संस्कृतात मांडावेत असे त्यांच्या मनात आले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडविले, ही 'स्मृतिस्थळा'तील हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. संस्कृतात लिहिलेस तर माझ्या म्हाताऱ्या बायका नागविल्या जातील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या हकीकतीकडे आपण मराठीच्या अभिमानाची गोष्ट म्हणून पाहतो. ती तशी आहेच. पण तिच्यात वाचकाची, अधिक नेमके म्हणजे श्रोत्याची, निश्चित कल्पना आहे, हे आपण विसरतो. नागदेवाचार्यांनी 'लोकांसाठी लिहा' असे मोघम सांगितले नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर विशिष्ट माणसे होती. त्या म्हाताऱ्यांपैकी महदाइसेची प्रश्न विचारण्याची हौस पंथात प्रसिद्ध होती. 'धवळे' रचणारी मराठीतील आद्य कवयित्री म्हणून ती आपणांस परिचित आहे, परंतु ज्ञानप्रसाराच्या इतिहासात तिचे स्थान आद्य जिज्ञासू श्रोता म्हणून अधिक मोठे मानावे असे मला वाटते. प्रश्न विचारणारा माणूस समोर असल्याखेरीज सुबोध ग्रंथ निर्माण होत नाही.

आता दृष्टांताचे उदाहरण घेऊ. जन्मांध माणसे आणि हत्ती ही गोष्ट 'दृष्टांतपाठा'त आहे. ज्याच्या हाताला पाय लागला तो हत्तीला खांबासारखा म्हणतो, ज्याच्या हाताला कान लागला तो सुपासारखा म्हणतो, आणि प्रत्येकास आपलेच खरे वाटते. ही गोष्ट काही महानुभावांची स्वतःची नव्हे. 'उदान' या पाली ग्रंथात ती शेकडो वर्षे आधी आलेली आहे, जैन आचार्यांनी ती वापरलेली आहे, आणि पुढे इंग्रजी शाळापुस्तकांतून ती जगभर पोहोचली. परंतु गोष्ट एकच असली तरी तिच्यातून निघणारा विचार प्रत्येक ठिकाणी एकच नाही. 'उदाना'त ती वादी पंथांच्या भांडणाची व्यर्थता दाखविण्यासाठी येते. अनेकान्तवादी जैन आचार्य तीच गोष्ट सांगून प्रत्येक मतात अंशतः सत्य असते असे प्रतिपादन करतात, म्हणजे आंधळ्यांना काहीसा मानच देतात. महानुभावांच्या हाती तिचा रोख असा होतो की, परमेश्वराच्या एकेका अंशाचे ज्ञान झालेल्याने त्यालाच पूर्ण ज्ञान समजू नये. हत्ती तोच, आंधळे तेच. सिद्धांत मात्र तीन.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो आपल्या आजच्या समजुतीस धक्का देणारा आहे. सुबोध ग्रंथाचे यश चांगल्या उदाहरणात असते असे आपण धरून चालतो. परंतु उदाहरण स्वतः काहीच सिद्ध करीत नाही; ते रिकाम्या गाडीसारखे असते, त्यात कोणता माल भरायचा ते दार्ष्टांतिक ठरविते. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात नवल वाटणार नाही. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन या पंचावयवी वाक्यातील उपनयाचे काम हेच आहे: उदाहरणातील गोष्ट प्रस्तुत विषयाला कशी व कोठवर लागू पडते ते सांगणे. केशिराजांनी ही तर्कशास्त्रातील शिस्त गोष्टीच्या पोटी घातली आणि म्हाताऱ्यांना ती बोचणार नाही अशी काळजी घेतली.

येथे एक विसंगतीही नोंदविली पाहिजे. जे वाङ्मय इतक्या जाणीवपूर्वक सर्वांसाठी निर्माण झाले, ते पुढे चौदाव्या शतकापासून सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले आणि पंथाबाहेरच्या वाचकास शतकानुशतके पारखे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. नंतर यवतमाळचे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते प्रभृतींनी ग्रंथ संशोधून छापले तेव्हा ते मराठी माणसास दिसले. भाषा कितीही सुबोध असली तरी पोथी कुलपात असेल तर सुबोधता कोणाच्या कामाची, असा प्रश्न यातून उभा राहतो. आमच्या विद्यापीठीय ग्रंथालयांतील प्रबंधांची स्थिती पाहिली की तो प्रश्न जुना वाटत नाही. पण ते येथे सोडून देऊ.

वऱ्हाडातील दुसरी रीत लेखणीची नव्हेच. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या कीर्तनाची रचना मात्र भाषाशास्त्रीय दृष्टीने फार लक्षणीय आहे. ते श्रोत्यांना विधाने देत नसत, प्रश्न विचारीत. आणि उत्तर श्रोत्यांकडून मोठ्याने वदवून घेत. नवसाला कापलेल्या बोकडापासून घरातील कर्जापर्यंत प्रत्येक विषय लहान लहान प्रश्नांत मोडलेला असे, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना श्रोत्याच्या ध्यानी येई की आपण स्वतःच आपल्या वागण्याविरुद्ध साक्ष दिली. येथे दार्ष्टांतिक कीर्तनकार सांगत नाही, श्रोता सांगतो. ही रीत छापील पानावर जशीच्या तशी उतरविणे अशक्यप्राय आहे. पण ज्यांना सुबोध लेखन करावयाचे आहे त्यांनी त्या कीर्तनांची उपलब्ध टिपणे अवश्य वाचावीत.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' (१९५५) ही या दोहोंच्या मधली. यावली येथे जन्मलेल्या आणि मोझरीच्या गुरुकुंजात राहणाऱ्या महाराजांनी ४१ अध्यायांत व ४६७५ ओव्यांत स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, उद्योग, ग्रामसंघटन असे सर्व विषय आणले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात सार्वजनिक आरोग्याची कल्पना खेड्यातील माणसापर्यंत नेण्यासाठी ओवीची निवड करणे यात मोठे शहाणपण होते. ओवी वाचता न येणाऱ्यास ऐकता येते, ऐकलेली लक्षात राहते, आणि तिच्या पारायणाची सवय घराघरांत आधीच होती. तथापि एक मर्यादा सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना ग्रंथाविषयीचा आदर कमी होत नाही. 'ग्रामगीते'चा भर काय करावे यावर आहे. ते का, याचे उत्तर ती बहुतेक वेळा धर्मबुद्धीच्या व माणुसकीच्या आधारे देते. आचरणास ते पुरते. जिज्ञासेस मात्र आणखी काही हवे असते. विहिरीजवळ घाण करू नये हे पटणे वेगळे आणि घाणीपासून पटकीपर्यंतचा मार्ग कळणे वेगळे. ज्यास दुसरी गोष्ट कळली, तो ओवीत न आलेल्या नव्या प्रसंगीही स्वतःची वाट काढू शकतो.

ते 'का' मराठीत आणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न ज्याने केला तो पुरुषही अमरावतीत शिकलेला होता. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ मध्ये रायपूर येथे झाला, शालेय शिक्षण अमरावतीस झाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन परत आल्यावर त्यांनी १९१६ मध्ये नागपुरास ज्ञानकोशमंडळाची स्थापना केली, आणि पुढे पुण्यास राहून 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड पूर्ण केले. कोश म्हटला की तो अकारविल्हे असावयाचा. केतकरांनी मात्र आरंभीचे पाच खंड प्रस्तावनेस दिले: 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि 'विज्ञानेतिहास'. पुष्कळांनी याला विक्षिप्तपणा म्हटले असेल. मला त्यात वाचकाविषयीची खोल जाण दिसते. ज्याच्या मनात जगाच्या इतिहासाचा सलग नकाशा नाही, त्याच्या हाती 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंतच्या सुट्या नोंदी देऊन काय साधणार? आधी नकाशा, मग गावे.

परंतु केतकरांच्या ज्ञानकोशातील गद्याविषयी माझी तक्रार अशी आहे की त्यात सूत्रे उदंड आणि दृष्टांत थोडे. एकामागून एक सिद्धांत येतात. श्वास घेण्यास जागा नसते. आणि गंमत अशी की दृष्टांत देण्याची शक्ती त्यांच्यापाशी नव्हती असे नाही. 'गोंडवनातील प्रियंवदा' (१९२६), 'ब्राह्मणकन्या' (१९३०) या कादंबऱ्यांत त्यांनी आपले समाजशास्त्र माणसांच्या तोंडून, संसारातील पेचांतून बोलके केले. म्हणजे सूत्र ज्ञानकोशात राहिले आणि दृष्टांत कादंबरीत गेले. दोन्ही एका बांधणीत आले असते तर मराठीतील सुबोध शास्त्रीय गद्याचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. कलासमीक्षकांनी त्या कादंबऱ्यांना कलादृष्ट्या कच्च्या म्हटले, ते खरे असेल. पण त्यांचे वाचन समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दार्ष्टांतिक शोधण्यासाठी करावे, असे मी सुचवीन.

परिभाषेच्या प्रश्नाला येथे थोडक्यात स्पर्श करतो. १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्यप्रदेशाबरोबर होता, आणि त्यापूर्वीच्या दशकात नागपुरास डॉ. रघुवीर यांनी सरकारी आश्रयाने संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या बळावर हजारो पारिभाषिक शब्द घडविले. त्या पद्धतीचा लाभ उघड आहे: विधान, विधेयक, संविधान, वैधानिक हे एका कुळातले शब्द एकमेकांची ओळख पटवून देतात. पुढे महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा 'पदनाम कोश' निघाला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याचा 'बदनाम कोश' करून टाकला. या वादात दोन्ही पक्षांनी शब्दालाच सर्व दोष व सर्व श्रेय दिले. शब्द कितीही सुघटित असला तरी तो सूत्रच असतो. त्यासोबत दृष्टांत व दार्ष्टांतिक आले तर कोणताही शब्द रुळतो, न आले तर मायबोलीतला शब्दही परका राहतो.

आमच्याच शास्त्रातील एक उदाहरण देतो. 'स्वनिम' हा शब्द एम. ए. च्या पहिल्या सत्रात सांगितला की विद्यार्थी व्याख्या पाठ करतात आणि विसरतात. एकदा मी वर्गास सांगितले की हा शब्द आपल्या आजीस एका पानात समजावून द्यावा. अकोटकडील एका विद्यार्थिनीने लिहिले: पुस्तकी मराठीत 'काळा' म्हणजे रंग आणि 'काया' म्हणजे देह, आजीच्या वऱ्हाडी बोलण्यात 'ळ' चा 'य' होत असल्याने दोन्ही 'काया'च. जेथे एका ध्वनीच्या जागी दुसरा घातल्याने अर्थ पालटतो, तेथे ते दोन स्वनिम. जेथे पालटत नाही, तेथे ते दोन मानण्याचे कारण नाही. येथवर उत्तम. पुढे तिने स्वतःहून एक ओळ जोडली, की याचा अर्थ आजीची भाषा अपुरी आहे असा नव्हे, कारण कोठला अर्थ घ्यावयाचा ते वाक्यावरून तिला नेहमीच कळते. ही शेवटची ओळ म्हणजे दार्ष्टांतिक होय. दृष्टांतातून निघू शकणारा चुकीचा अर्थ तिने आधीच बंद केला.

आता ज्या प्रश्नामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. डार्विनची 'नैसर्गिक निवड' ही कल्पना १८५९ पासून जगापुढे आहे. मराठीत तिच्यावर चांगली पुस्तके आहेत. तथापि वऱ्हाडातील कापूस पिकविणाऱ्या माणसास ती कधी कोणी त्याच्या शेताच्या बांधावर आणून दिली असे दिसत नाही, आणि त्याची किंमत त्याने मोजली आहे.

प्रथम शब्द पाहू. 'उत्क्रांती' यातील 'उत्' वर चढण्याची सूचना देतो. जणू जीवसृष्टी पायरीपायरीने कोठेतरी वर निघाली आहे. 'निवड' हा शब्द तर अधिकच फसवा. मराठीतील पुष्कळ क्रियापदांच्या जोड्या असतात: गाळणे–गळणे, तोडणे–तुटणे, फोडणे–फुटणे. पहिल्यात कर्ता हेतूने काही करतो, दुसऱ्यात ते आपोआप होते. 'निवडणे' याला असा सोबती नाही. 'निवडून येणे' म्हणावे तर तेथेही मागे मतदार उभा असतो. म्हणून 'निसर्ग निवडतो' असे ऐकताच श्रोत्याच्या मनात निसर्ग नावाचा कोणी कर्ता सूप घेऊन बसतो. ही अडचण केवळ आपल्या भाषेची नव्हे. वॉलेस यांनी १८६६ मध्ये डार्विनला पत्र लिहून नेमकी हीच तक्रार केली आणि स्पेन्सरचा शब्दप्रयोग सुचविला. डार्विनने तो १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत स्वीकारलाही. मराठीत त्याचे 'बलिष्ठांचे जगणे' झाले आणि एक गैरसमज जाऊन दुसरा आला.

शेताची हकीकत अशी. बोंडअळीस मारणारे विष स्वतःच्याच अंगी तयार करणारे बीटी कापसाचे वाण भारतात २००२ मध्ये आले, आणि दोन विषे तयार करणारे वाण २००६ मध्ये. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक धाकटी पुडी मिळे. तिच्यात बीटी नसलेले बियाणे असे, आणि ते शेताच्या कडेने पेरावे अशी सूचना असे. त्या कडेच्या ओळींना इंग्रजी नावाच्या अनुकरणाने 'रेफ्युजी' म्हणत, कोठे 'आश्रय ओळी' म्हणत. पुष्कळांनी ती पुडी पेरली नाही. पुढे गुलाबी बोंडअळी दोन्ही विषांना दाद देईनाशी झाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीची बोंडेच्या बोंडे आतून किडलेली निघाली.

माझे एक काकाजी अकोला जिल्ह्यात शेती करतात, शिक्षण चौथीपर्यंत. ती पुडी त्यांनी बांधावर टाकून दिलेली मी स्वतः पाहिली होती. विचारले तेव्हा म्हणाले, "बिनबीटीचं बियानं हाये बाबू. अळी खाऊन टाकीन. अळीले जेवू घालाले म्या पेरू का?" या प्रश्नात चूक काहीच नव्हती. त्या ओळी खरोखरच अळीला जेवू घालण्यासाठी होत्या! पुडीवर ते लिहिलेले नव्हते. लिहिली होती ती आज्ञा. सूत्रही नाही, दृष्टांतही नाही.

२०१७ नंतरच्या दिवाळीत मी त्यांना ही कल्पना समजावून देण्याचे ठरविले, आणि दृष्टांत त्यांच्या ओसरीवरच सापडला. काकू सुपात गहू निवडत होत्या. मी विचारले, गव्हात निघणारा खडा गव्हाएवढाच का असतो? मोठा का नाही, अगदी बारीक का नाही? त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितले की मोठा खडा चाळणीवर अडकतो, बारीक खाली गळून जातो. गव्हाएवढा तेवढा गव्हासोबत राहतो. मग, मी म्हटले, या खड्यांना कोणी निवडले? कोणीच नाही. चाळणीने त्यांना ठेवायचे ठरविले नव्हते, खड्यांनी गव्हाएवढे व्हायचे ठरविले नव्हते. बाकीचे गळाले, हे उरले. डार्विनला जे म्हणावयाचे होते त्यासाठी 'निवडणे' हे क्रियापद नको, 'गळणे' आणि 'उरणे' ही पाहिजेत, हे मला त्या वेळी प्रथम स्पष्ट दिसले.

मी पुढे निघालो. लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच अशी निघते की जिला हे विष बाधत नाही. बीटीचे शेत ही चाळणी. बाकीच्या गळतात, ती उरते. येथवर बोललो आणि काकाजींनी मला थांबविले.

"खड्याले काय लेकरं होतात?"

मी दृष्टांताच्या मर्यादेपाशी येऊन पोहोचलो होतो, आणि ती मर्यादा माझ्याआधी त्यांना दिसली होती. खडा उरला तरी खडाच. पुढच्या वर्षी त्याचे दहा खडे होत नाहीत. उरलेल्या अळीचे पतंग होतात, त्यांची अंडी, त्यांच्या अळ्या, आणि त्यांपैकी पुष्कळांत आईबापांचा तो गुण उतरतो. चाळणीच्या दृष्टांतात वंश नाही. तो बाहेरून आणून जोडावा लागतो. एवढे जोडले की आश्रय ओळींचे कारण समजण्यास अडचण राहत नाही. त्या ओळींत विष नाही, म्हणून तेथे साध्या अळ्या भरपूर वाढतात. शेतात उरलेला एखादा विष पचविणारा पतंग आपल्यासारख्याच दुसऱ्या पतंगाशी जुळला तर त्यांची सारी संतती विष पचविणारी निघेल. पण कडेच्या ओळींतून आलेल्या शेकडो साध्या पतंगांपैकी एखाद्याशी जुळला, तर संततीस तो गुण एकाच बाजूने मिळतो आणि तो एकटा पुरा पडत नाही; ती अळी विषाने मरते. थोड्या अळ्यांना जेवू घालून बाकीच्यांची पुढची पिढी मारता येते, असा हा हिशेब आहे.

काकाजींनी त्यावर दुसरा प्रश्न विचारला, तो पहिल्यापेक्षाही नेमका होता. आपण कपाशीत तुरीचे तास पूर्वीपासून घेतो; तुरीवरची अळी चालत नाही काय? उत्तर असे आहे की हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावर जगते, म्हणून तिच्यासाठी आपल्या शेतांत आश्रय आयताच होता. गुलाबी अळीचा मुक्काम मात्र जवळजवळ कपाशीवरच. तिला तुरीचा उपयोग नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने या अळीविषयी पुष्कळ पत्रके व पुस्तिका काढल्या आहेत. डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात, फरदड घेऊ नये, कामगंध सापळे लावावेत, हे सर्व त्यांत आहे व ते अचूक आहे. 'फरदड का घेऊ नये' याचे उत्तरही त्याच चाळणीत आहे: पीक जितके लांबेल तितके चाळणीचे हेलकावे वाढतात.

हा संवाद मी नंतर चार पानांत लिहून काढला आणि वर्गात दिला. विद्यार्थ्यांनी त्यातील एक वाक्य काढावयास लावले. मी लिहिले होते की अळीने विषाची 'सवय करून घेतली'. एकाही अळीने सवय करून घेतलेली नसते, हे त्यांनी दाखवून दिले. सवय नसलेल्या गळाल्या, इतकेच. वाक्य आता असे आहे: 'विष पचविणाऱ्या उरल्या.' काकाजींना सुधारलेला मजकूर वाचून दाखविला तेव्हा त्यांनी आणखी एक दुरुस्ती सांगितली. 'आश्रय ओळी' या शब्दाने काही बोध होत नाही. त्यांनी त्या ओळींना 'अळीचा वाटा' म्हणावे असे सुचविले.